कनिष्क, रेयात आणि ‘फक्त पाच वर्षां’चा हिशेब

२३ जून जवळ आला की एक मजकूर मोबाइलवर पुन्हा फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘एअर इंडियाचं कनिष्क विमान एकट्यानं उडवणाऱ्या इंद्रजीतसिंग रेयातला ३२९ जणांच्या जिवाबद्दल फक्त पाच वर्षं मिळाली. माफीचा साक्षीदार होऊन तो वाचला आणि पुढे कॅनडानं दया दाखवून त्याला सोडून दिलं.’ यामागचा संताप अगदी रास्त आहे. दिल्लीमार्गे मुंबईला येणारं ते विमान १९८५ साली आयर्लंडजवळ ३१,००० फुटांवर फुटलं. ३०७ प्रवासी आणि २२ कर्मचारी, एकही वाचला नाही. पण मजकुरातली वाक्यं एकेक करून तपासली, तर बहुतेक चुकीची निघतात. त्यामुळे राग भलत्याच ठिकाणी जातो आणि ज्यांना जाब विचारायला हवा ते बाजूला राहतात.

‘फक्त पाच वर्षं.’ हा तीन शिक्षांपैकी मधल्या शिक्षेचा आकडा आहे. रेयातला फेब्रुवारी १९८८ मध्ये इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला अटक झाली. डिसेंबर १९८९ मध्ये त्याला कॅनडाच्या ताब्यात देण्यात आलं. मे १९९१ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली, ती कनिष्कसाठी नव्हे, तर टोकियोच्या नारिता विमानतळावरच्या स्फोटासाठी. ती भरत आली तेव्हा, जून २००१ मध्ये, कनिष्कचे आरोप ठेवण्यात आले. फेब्रुवारी २००३ मध्ये त्यानं सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि आणखी पाच वर्षं मिळाली. २००८ च्या जुलैमध्ये खोट्या साक्षीच्या खटल्यात जामिनावर बाहेर येईपर्यंत त्याची २० वर्षं कोठडीत गेली होती. जानेवारी २०११ मध्ये खोट्या साक्षीबद्दल पुन्हा तुरुंग, तो जानेवारी २०१६ पर्यंत. एकूण सुमारे २५ वर्षं. ३२९ जिवांपुढे तीही कमीच, पण पाच नव्हेत.

नारिताचा खटला आधी का उभा राहिला, हे इथेच समजून घ्यायला हवं. दोन बॅगा व्हँकुव्हरहून निघाल्या होत्या. एक टोरांटोमार्गे कनिष्कमध्ये गेली. दुसरी टोकियोला, तिथून एअर इंडियाच्या बँकॉकच्या विमानात जायची होती. ती विमानतळावरच फुटली आणि सामान हलवणारे दोन जपानी कामगार ठार झाले. कनिष्कचे अवशेष सुमारे दोन किलोमीटर खोल समुद्रात गेले. ब्लॅक बॉक्स वर काढून मुंबईत आणले, भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांचा अभ्यास झाला, पण त्यातून बॉम्ब कोणी बनवला ते कळणार नव्हतं. नारिताचे तुकडे मात्र जमिनीवर होते. जपानी पोलिसांनी ते वेचले आणि त्यांत सान्यो कंपनीच्या एका रेडिओ ट्यूनरचे भाग ओळखले. तसाच ट्यूनर रेयातनं कॅनडातल्या आपल्या डंकन गावात, वूलवर्थ दुकानातून घेतला होता. गाड्यांचा इलेक्ट्रिशियन असलेल्या रेयातला पकडून दिलं ते त्या खरेदीनं.

‘मग कनिष्कचे आरोप ठेवायला २००१ का उजाडलं?’ प्रत्यार्पणाचा नियम असा आहे की ज्या गुन्ह्यासाठी माणूस सोपवला, खटला त्याच गुन्ह्यासाठी चालवायचा. नवा आरोप ठेवायचा तर ज्या देशानं सोपवला त्याची संमती लागते. रेयात ब्रिटनहून नारिताच्या खटल्यासाठी आला होता. कनिष्कसाठी ब्रिटनची वेगळी संमती घ्यावी लागली.

‘माफीचा साक्षीदार.’ आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ खाली (जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ खाली) साथीदाराला माफी मिळते ती साक्षीच्या बदल्यात. रेयातला माफी मिळालीच नाही, सौद्यात खुनाचे आरोप तेवढे मागे पडले. सप्टेंबर २००३ मध्ये कनिष्कचे दुसरे दोन आरोपी रिपुदमनसिंग मलिक आणि अजायबसिंग बागडी यांच्याविरुद्धच्या खटल्यात सरकारनं त्याला उभं केलं, तेव्हा त्यानं ‘आठवत नाही, माहीत नाही’ एवढंच लावून धरलं. मार्च २००५ मध्ये ते दोघे निर्दोष सुटले आणि न्यायमूर्ती जोसेफसन यांनी रेयातला निकालातच शपथेवर धडधडीत खोटं बोलणारा ठरवलं.

‘दया दाखवून सोडलं.’ इथे आकडेमोडच पुरेशी आहे. खोट्या साक्षीची शिक्षा ९ वर्षं, म्हणजे १०८ महिने. आधी भोगलेल्या कोठडीचे १७ महिने वजा केले की ९१ उरतात. कॅनडाच्या कायद्यानं अशा शिक्षेचा दोन तृतीयांश भाग भरला की कैद्याला साधारणपणे देखरेखीखाली बाहेर सोडावं लागतं. ९१ चे दोन तृतीयांश म्हणजे साडेसाठ महिन्यांहून किंचित जास्त, पाच वर्षं आणि सुमारे २० दिवस. ७ जानेवारी २०११ पासून मोजा, २७ जानेवारी २०१६ येते. तो नेमका त्याच दिवशी सुटला, तोही घरी नव्हे, तर देखरेखीच्या वसतिगृहात. घरी राहायची मुभा २०१७ मध्ये मिळाली आणि शिक्षा संपली ऑगस्ट २०१८ मध्ये.

दया शोधायचीच असेल तर १९८५-८६ मध्ये शोधा. विमान पडण्याच्या १९ दिवस आधी, ४ जूनला, कॅनडाच्या गुप्तचरांनी कटाचा सूत्रधार मानला जाणारा खलिस्तानवादी नेता तलविंदरसिंग परमार आणि आणखी एका माणसाचा डंकनपर्यंत पाठलाग केला. रेयातसह ते जंगलात गेले, मोठा आवाज झाला आणि गुप्तचरांनी तो बंदुकीचा समजून नोंदवला. नोव्हेंबरमध्ये परमार आणि रेयात पकडले गेले. परमारवरचे आरोप टिकले नाहीत आणि रेयात स्फोटकं व शस्त्र बाळगल्याबद्दल २,००० डॉलर दंड भरून सुटला. त्याच काळात परमारच्या फोनच्या बहुतेक टेप गुप्तचर खात्यानं पुसून टाकल्या. या चुकांच्या मालिकेवर कॅनडाचे न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगानं २०१० मध्ये बोट ठेवलं.

राहिलं ‘एकट्यानं’. व्हँकुव्हरमध्ये ३,००५ डॉलर रोख मोजून तिकिटं घेणारा, काउंटरवर हुज्जत घालून बॅग पुढे दिल्लीपर्यंत पाठवायला लावणारा ‘एम. सिंग’ आणि टोकियोच्या विमानात बॅग चढवणारा ‘एल. सिंग’ यांच्यावर कधी खटला चालला नाही. परमार १९९२ मध्ये पंजाबात पोलिसांच्या गोळीनं मेला. आणि ४ जूनला परमारबरोबर आलेला तो माणूस पुढे जवळजवळ आठवडाभर रेयातच्याच घरी राहिला, जेवला, झोपला. साक्षीत विचारलं तेव्हा रेयात म्हणाला, त्याचं नाव मला माहीत नाही.