पाच पोरांचा बाप

इतवारीत आमच्या मामाजींचं साड्यांचं होलसेल दुकान आहे. "तुले कम्प्युटरचं समजते ना बे? मंग मेलचं तूच पाह्य," असं ते एका दिवाळीत म्हणाले आणि ११ मेलबॉक्सचा सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. मशीन भाड्याची, मेमरी २ जीबी. ११ जणांना एवढी म्हणजे चंगळच, असं मला वाटलं. पण पोस्टमनचं, म्हणजे मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमचं, पोट लहानच असतं हो. खादाड असतो तो दारावरचा चौकीदार.

आमच्याकडे चौकीदार दोन. पहिला स्पॅमअसॅसिन, नकोसे मेल गुण देऊन हुडकणारा, २००१ सालचा, पर्ल नावाच्या कम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. लग्नाला एकटाच येतो म्हणणारा आणि ऑटोतून पाच पोरं उतरवणारा पाहुणा असतो ना, तसा. अतिशयोक्ती नाही. मेल तपासायला तो स्वतःच्याच प्रती काढतो, त्याच्या भाषेतही ती 'चिल्ड्रन'च, आणि आपण काही बोललो नाही तर पाचपर्यंत आणायची मुभा. एकेका पोराच्या ताटात शंभरेक एमबी मेमरी!

दुसरा क्लॅमएव्ही. हा व्हायरसांच्या खाणाखुणा तोंडपाठ ठेवतो. त्यात एक जीबीहून जास्त मेमरी गेली. वर नवी यादी आली, की जुनी विसरायच्या आधी नवी पाठ करतो. तेवढा वेळ डोक्यात दोन्ही.

मे महिन्यातल्या एका रात्री नेमकं हेच झालं. इकडे कूलरमधलं पाणी संपलं, तिकडे सर्व्हरची मेमरी. असं झालं की मशीन चालवणारा लिनक्स पंगतीत सर्वात जास्त जेवलेल्याची कॉलर धरतो. क्लॅमएव्ही गेला. तपासणारा नाही म्हणून प्रत्येक मेलला दारातूनच "नंतर या".

सकाळी मामाजींचा फोन. "एक बी मेल नाही! सुरतचा माल अडकला ना बे!"

मी मेमरीचा हिशेब सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "चौकीदार मालकाहून जास्त जेवते, त्याले ठेवला काऊन?"

याला उत्तर नव्हतं. मी पोरं दोनवर आणली, क्लॅमएव्हीला आधी जुनी यादी विसर मग नवी वाच म्हणून बजावलं. यादी वाचून होईपर्यंत मेल दारात थांबतात. थांबू देत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. सुरतच्या व्यापाऱ्याचं बिल स्पॅममध्ये. त्यानं विषय सगळा कॅपिटलमध्ये लिहिला होता. स्पॅमअसॅसिन त्याचेही गुण धरतो, आणि ५ झाले की माणूस चोर.

"पण ते लॉटरीवालं," मामाजी म्हणाले, "बराबर आलं हां."