ट्रस्ट काढताय? आधी भाचा शोधा

गावाबाहेर जागा आहे, दानत आहे, पण ताबा सोडवत नाही? मग ट्रस्ट काढा.

आधी ट्रस्टची घटना, म्हणजे हेतू आणि नियम, लिहून घ्या. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने (आधी मुंबईचा होता, आता महाराष्ट्राचा म्हणायचा) धर्मादाय हेतू कलम ९ मध्ये सांगितलेत: गरिबी वा आपत्तीत मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचं इतर कोणतंही काम. या शेवटच्या शब्दांखाली दोन रेघा मारा. आईच्या नावाचं मंगल कार्यालय तिथेच कुठेतरी बसवायचंय. अडचण एकच, 'लोक' म्हणजे कायद्याला तुमचे व्याही अभिप्रेत नाहीत. घरच्यांच्या भल्यासाठी १८८२ चा वेगळा कायदा आहे. पण तसल्या ट्रस्टला देणगी द्यायला कोण येणार?

विश्वस्त सात ठेवा. तुम्ही, सौ., दोन्ही मुलं, सूनबाई, भाचा, आणि शोभेला एक निवृत्त हेडमास्तर. सरांना चष्मा घरी विसरायची सवय असेल तर सोन्याहून पिवळं.

सभा घेणं अगदी सोपं आहे. प्रोसिडिंग बुकात लिहायचं, 'गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घेण्यात आली.' सूचक सौ., अनुमोदक चिरंजीव, ठराव सर्वानुमते मंजूर. सह्या सावकाश, दिवाळीला सगळे जमतील तेव्हा. फक्त दोन पेनं वापरा. वर्षभराच्या बारा सभा एकाच निळ्या शाईत झालेल्या दिसल्या की ऑडिटरला उगाच खोकला येतो. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, म्हणून कोणाला मरू देऊ नका, निदान कागदावर तरी.

जागा विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. बिनशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तरीही तेच. भाच्याचा कॅटरिंगचा धंदा इथे कामाला येतो: अकरा-अकरा महिन्यांचे करार, जन्मभर.

हॉस्पिटल काढायचा मोह झाला तर सांभाळून. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तसा फलक जरूर लावा, समोर रबराचं झाड ठेवा. कोणी फांदी बाजूला करून वाचलंच, तर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत.'

आणि हो, एक गोष्ट भाच्याच्या कानावर जाऊ देऊ नका. उद्या ट्रस्टचा हेतू पार पडेनासा झाला, तरी जागा तुमच्या घरी परत येत नाही. कोर्ट ती तशाच दुसऱ्या लोकोपयोगी कामाकडे वळवू शकतं. बिचाऱ्याने परवाच हॉलला एसी बसवलाय, स्वतःच्या खर्चाने.