टाक बे, काही होत नाही!

आज सकाळी गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, गढूळ पाणी फेसाळत चाललंय, एक पोरगा त्यात मोटरसायकल घालतो आणि काठावरची मंडळी ओरडते, "टाक बे, काही होत नाही!" खाली अंगठेच अंगठे. डोकंच फिरलं.

पोळ्याच्या आधीची शेवटची एसटी आठवते. गाडीत बैलांच्या साजाच्या पिशव्या, नाला भरलेला. ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, तंबाखू मळत बसले. मागून शिव्या सुरू. "काका, घोट्याएवढं तं पाणी हाये!" काका म्हणाले, "पाणी दिसते बापू, रपटा कुठी दिसते?"

मध्यरात्रीनंतर पाणी उतरलं. बॅटरी मारली तर एका अंगाला काँक्रीट अधांतरी लटकत होतं, खालचा भराव नाल्यानं नेलेला. रपट्यावरून पडणारं पाणी बुडातली माती अशीच खरवडत जातं, वरून काही कळत नाही. फूटभर वाहत्या पाण्यात लहान कार तरंगते, दोन फुटांत जीपसुद्धा जाते. २०२१ मध्ये उमरखेडजवळ अख्खी एसटी वाहून गेली. पानठेल्यावर चर्चा काय, तर ड्रायव्हरनं घातलीच काऊन?

अरे, सगळं ड्रायव्हरच्या छातीवर सोडायचंच कशाला? रामेश्वरमजवळ समुद्रावरच्या पांबनच्या जुन्या रेल्वेपुलावर गाड्या धावायच्या तेव्हा वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल लाल व्हायचा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर दुसऱ्या महायुद्धात समुद्रात बांध घालून बेटं जोडली, आज त्यावरून गाड्या धावतात. वादळात लाटा रस्त्यावर चढल्या की रस्ता बंद. विषय संपला. आमच्याकडं रंग उडालेला एक फलक, तोही झुडपात.

तिथं समुद्राच्या भरतीची वेळ आधी कळते, आमचा नाला सांगून येत नाही, मान्य. घरात बाळंतीण अडली तर थांब म्हणणं सोपं नाही, तेही मान्य. पण व्हिडिओतला हा पोरगा चालला होता तंबाखूचा खर्रा आणायला!

जाऊ द्या, त्याचं तरी काय चुकलं. काठावर टाळ्या पडत असताना त्या वयाचं पोरगं मागं फिरेल कसं? काकांना अख्खी गाडी भित्रा म्हणत होती, तरी किल्ली खिशातच राहिली. असल्या माणसाचा व्हिडिओ कोण काढतो?

उंच पूल मागून मागून थकलो. निदान रपट्याच्या दोन्ही तोंडांना फाटक, खांबावर फुटांच्या खुणा आणि पावसाळाभर राखणीला एक माणूस द्या. पुढच्या ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे. ज्यांची वावरं नाल्यापलीकडं आहेत त्यांनी तरी या, नेहमीसारखं पारावर बसून राहू नका.