ओल्या चादरीत खुनी शोधू नका

"बाई, हे खरं आहे का?" म्हणत तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका शाळेत मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून बसते. ही तिसरीतल्या एका मुलाची आई. मुलगा नऊ वर्षांचा होत आला तरी रात्री अंथरूण ओलं करतो. पावसात चादरी वाळत नाहीत, आणि बाहेर दोरीवर टाकल्या तर शेजारणी रोज कसल्या चादरी धुतेस म्हणून विचारतात. त्यामुळे ती त्या आतल्या खोलीत खुर्च्यांवर पसरून पंख्याखाली वाळवते. वर्गाच्या पालकांच्या गटात आलेला तो मजकूर वाचल्यापासून दोन रात्री ती मुलाच्या उशाशी बसून होती. "झोपेत त्याचं तोंड बघत होते," म्हणाली, आणि पुढे तिला बोलवेना.

मजकूर थोडक्यात असा. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. सीरियल किलर जन्माला येत नाही, घरात घडतो. जगातल्या प्रत्येक सीरियल किलरचं बालपण छळात गेलेलं असतं आणि त्याच्या मागे चुकलेली आई असते, निष्ठुर नाहीतर फाजील लाड करणारी, खाण तशी माती. अंथरूण ओलं करणं, आग लावणं आणि मुक्या जनावरांना छळणं ही तीन लक्षणं दिसली की समजा, घरात सोशियोपॅथ, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारा माणूस, वाढतोय. असा माणूस एकलकोंडा पण अफाट बुद्धीचा असतो. वेळीच ओळखा, आपल्या मुलांना त्याच्यापासून लांब ठेवा. खाली तीन फोटो: रामन राघव, चार्ल्स शोभराज आणि आपल्या शिरोड्याचा महानंद नाईक.

महिनाभरात हाच मजकूर मला चार गटांतून आला. एका गटात तो एका शिक्षकांनी टाकला होता, खाली अंगठ्यांची रांग. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी चादर, कारण सगळ्यात जास्त पोरं तिथेच भरडली जातात. तीन लक्षणांची ही गोष्ट आली कुठून? १९६३ साली अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ जे. एम. मॅकडोनाल्ड यांनी एक लेख लिहिला. कुणाला तरी ठार मारण्याची धमकी दिलेले शंभर रुग्ण त्यांनी रुग्णालयात तपासले होते. या माणसांनी धमकी दिली होती. सीरियल किलरांचा तो अभ्यासच नव्हता. त्यांतल्या काही फार क्रूर रुग्णांच्या लहानपणी या तीन गोष्टी आढळल्या, असं त्यांचं निरीक्षण. पुढे त्यांनीच हे नीट तपासलं, तेव्हा ठाम संबंध हाती लागला नाही. पण तोवर गोष्ट सुटली होती. नंतर एफबीआयच्या लोकांनी तुरुंगातल्या ३६ लैंगिक खुन्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्रिकुटाला आणखी वजन आलं. त्या कामात तुलनेसाठी साधी माणसं घेतलेलीच नव्हती. ज्यांनी लहानपणी अंथरूण ओलं केलं आणि पुढे दुकान चालवलं, बस चालवली, मुलांना गणित शिकवलं, त्यांना विचारायला तुरुंगात कोण जाणार?

आणि अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. पाच वर्षांच्या शंभर मुलांत पंधराएक जण रात्री अंथरूण ओलं करतात. त्यानंतर दर वर्षी त्यांतली साधारण पंधरा टक्के मुलं काही न करता आपोआप सुधारतात. हे घराण्यातून येतं. आईबाप दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाच्या आसपास जाते. रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही, मूत्राशय लवकर भरतं, झोप इतकी गाढ असते की मेंदूला निरोपच पोचत नाही. बऱ्याचदा मूळ दुखणं बद्धकोष्ठाचं असतं आणि तिकडे कुणाचं लक्षच नसतं. ओलावा लागताच वाजणारी गजराची पट्टी मिळते, गरज पडली तर औषधही आहे. एक गोष्ट मात्र आईबापांनी खरंच ध्यानात ठेवावी. सहा महिने, वर्षभर कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, तर डॉक्टरांकडे न्या. लघवीचा संसर्ग असेल, मधुमेह असेल, किंवा त्या मुलाला कुणीतरी काहीतरी करत असेल. तिथेही ते मूल धोका नसतं, धोक्यात असतं.

जनावरांच्या छळाचा मुद्दा मी झटकणार नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी मुंगळ्याचे पाय तोडणारं पोर आणि बाराव्या वर्षी लपून, पुन्हा पुन्हा, रक्त बघायला कुत्र्याच्या पिल्लाला जखमा करणारा मुलगा, यांत फरक आहे. दुसऱ्याकडे लक्ष द्यायलाच हवं. पण माझ्यापुढे अशी मुलं आली, तेव्हा मी आधी घरात काय चाललंय ते विचारते. बाप आईला मारतो का? या मुलाला कोण मारतं? मुलं पाहिलेलं करतात, आणि घरात सगळ्यात दुबळं कोण असतं, तर मांजर. आगीचंही तेच. काडेपेटीशी खेळणं वेगळं, रागाने वारंवार पेटवणं वेगळं.

आता बालपणाचा मोठा मुद्दा. छळलेलं मूल पुढे छळतं, हे आपल्याला पटकन पटतं, कारण त्यात थोडं खरं आहे. किती खरं, ते मोजलं गेलंय. संशोधक कॅथी स्पॅट्झ विडम यांनी अमेरिकेत न्यायालयात सिद्ध झालेल्या छळ-हेळसांडीतली ९०८ मुलं घेतली आणि त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या, तशाच परिस्थितीतल्या ६६७ मुलांशी ताडून पाहिली. १९८९ साली निष्कर्ष आले. हिंसक गुन्ह्यात पकडली गेलेली मुलं छळ झालेल्यांत सुमारे ११ टक्के, बाकीच्यांत ८ टक्के. फरक आहे, नाकारत नाही. पण छळ सोसलेल्या शंभरांतली जवळजवळ नव्वद मुलं कुठल्याही हिंसक गुन्ह्यात सापडली नाहीत. सीरियल किलर तर सोडाच. त्या मजकुराने या नव्वद जणांच्या कपाळावर शिक्का मारला आहे. ज्याला बापाने पट्ट्याने मारलं, त्याला आता शेजारीही सांगणार की तू पुढे खुनी होणार.

उलट बाजूही बघा. डेनिस रेडरने अमेरिकेत १९७४ ते १९९१ मध्ये दहा खून केले. २००५ साली पकडला गेला तेव्हा तो चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता, बायको-मुलं होती. जेफ्री डामरने सतरा जणांना मारलं. त्याचं घर भांडणाचं होतं, पण त्याच घरात त्याचा धाकटा भाऊही वाढला. पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण मराठी माणूस विसरलेला नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून करणारे चौघे कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. ते टोळीने फिरायचे, एकटे नव्हे. चार वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र आली आणि एकमेकांना पुढे ढकलत गेली. यात 'एकलकोंडा' कुठे बसतो?

शोभराज तर आपल्या पर्वरीतच सापडला. तिहारमधून पळाल्यावर, ६ एप्रिल १९८६ ला, मुंबई पोलिसांतल्या मधुकर झेंडे यांनी त्याला ओ कोकेरो हॉटेलात धरलं. पुढे तिथे त्याचा पुतळा बसवला गेला, लोक शेजारी बसून फोटो काढायचे. माझ्या मनाला ते कधीच रुचलं नाही. त्याची गोष्ट मजकुरात अशी रंगवलीय की सायगावमध्ये जन्म, भारतीय बापाने टाकलेला, आई दुसऱ्या घरोब्यात गुंतलेली, म्हणून तो असा झाला. १९४४ साली युद्धातल्या सायगावात बापाने टाकलेली पोरं शेकड्यांनी असतील. ती सगळी कुठे गेली? कष्ट करून जगली. खुन्याचं नाव कळल्यावर मागे वळून त्याच्या बालपणात कारण शोधलं, तर ते सापडतंच, कारण दुःख नसलेलं बालपण मिळणार कुठे?

मग आई. इथे माझा राग आवरत नाही. निष्ठुर आईही दोषी आणि लाड करणारीही दोषी, म्हणजे सुटका कुणाची? बापाला जाब विचारणारी ओळ त्या मजकुरात एकही नाही. आपल्याकडे 'खाण तशी माती' खरंच लागू पडेल असं एक प्रकरण आहे, ते टाळणार नाही. कोल्हापूर-नाशिककडचं अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींचं. १९९० ते १९९६ या काळात त्यांनी लहान मुलं पळवली, चोरी करताना त्यांची ढाल केली आणि नकोशी झाल्यावर मारली. तिथे आईने मुलींना खरोखर या मार्गाला लावलं. पण ते कसं, ते पाहा. आधी पाकीटमारी, मग साखळ्या ओढणं, मग मुलं. एखादा बाप पोराला आपला धंदा शिकवतो तसं ते पायरीपायरीने शिकवलं गेलं. दूध पाजताना प्रेम कमी पडलं म्हणून घडलेली ती गोष्ट नाही. आणि अशी आई लाखांत एक. तिच्या मापाने बाकीच्यांना मोजायचं?

'सोशियोपॅथ' शब्दही जरा जपून वापरावा. मनोविकारांच्या आजच्या अधिकृत यादीत तो नाही. तिथे 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार' आहे, आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही ते निदान देताच येत नाही. तिसरीतल्या मुलाला तर नाहीच नाही. निदानासाठी पंधराच्या आधी वर्तनाच्या गंभीर तक्रारी असाव्या लागतात, हे खरं. पण अशा तक्रारी असलेली बहुतेक मुलं पुढे त्या वाटेला जात नाहीत. ज्याला सायकोपॅथी म्हणतात, ती मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या वीस कलमी चाचणीने प्रशिक्षित तज्ज्ञ मोजतो. ४० पैकी ३० किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर. मोबाइलवर तीन लक्षणं वाचून नव्हे. आणि असे गुण मिळणारे बहुसंख्य लोकही खून करत नाहीत. ते फसवतात, पैसे बुडवतात, घरच्यांना पिळतात.

रामन राघवचा फोटो तर या यादीत नकोच होता. त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया होता. डॉक्टरांच्या मंडळाने तसा अहवाल दिला आणि १९८७ साली फाशीची जन्मठेप झाली. तो भ्रमात जगणारा आजारी माणूस होता. सोशियोपॅथ भ्रमात नसतो. दोघांची मोट बांधली की मार बसतो तो स्किझोफ्रेनियाच्या साध्या रुग्णांना, ज्यांतले बहुतेक कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जायचं म्हटलं की आजही घरचे रात्रीची वेळ शोधतात, ती याच भीतीने.

जन्म की संस्कार, या भांडणात दोन्ही बाजू अर्ध्याच बोलतात. इतरांच्या दुःखाने न हलणं, ही ठेवण काही मुलांत लहानपणीच दिसते. ब्रिटनमध्ये सात वर्षांच्या जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात तिचा मोठा भाग आनुवंशिक निघाला. पण दत्तक मुलांवरचं काम याहून जास्त बोलतं. जन्मदात्या आईकडून अशी ठेवण घेऊन आलेल्या मुलांना दत्तक आईने शाबासकी, माया भरभरून दिली, तेव्हा तो धोका उतरला. म्हणजे ज्या मुलापासून लांब राहा म्हणून मजकूर सांगतो, त्यालाच जवळ घेण्याची गरज सगळ्यात जास्त. आणि नुसता धाक अशा मुलावर फारसा चालत नाही. शिक्षेने ते हलत नाही, कौतुकाने हलतं. हे मी माझ्या खोलीतही पाहिलंय.

शेवटी महानंद नाईक. एप्रिल २००९ मध्ये त्याला अटक झाली. १९९४ पासूनच्या सोळा खुनांचा आरोप. काहींत जन्मठेप, बऱ्याच खटल्यांत पुराव्याअभावी सुटका. तो ना एकलकोंडा होता, ना अफाट बुद्धीचा. रिक्षा चालवायचा, बायको होती, मुलगी होती. लग्नाचं वचन द्यायचा, घरच्यांना भेटवतो, दागिने घालून ये म्हणायचा, ओढणीने गळा आवळायचा आणि सोनं विकायचा. मुली गरीब घरच्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या. पंधरा वर्षं हे चाललं ते त्याच्या लहानपणीची चादर कुणी तपासली नाही म्हणून नव्हे. मुलगी घरी आली नाही तेव्हा कुणाबरोबर तरी गेली असेल म्हणून घरच्यांनी लाजेने तोंड मिटलं. काही मृत्यू आत्महत्या किंवा अनैसर्गिक म्हणून कागदावर बंद झाले. एका तालुक्यातली बेपत्ता मुलगी आणि दुसऱ्या तालुक्यात सापडलेला देह यांची सांगड कुणी घातली नाही. ओळखीतल्या माणसाने आणलेलं सोनं सोनाराने घेतलं. शेवटी एका बेपत्ता तरुणीच्या मोबाइल कॉलचा माग काढत पोलीस पोचले. माग काढणं आधीही शक्य होतं. हे सगळं त्या मजकुरात एका ओळीनेही नाही.

त्या आईला मी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मुलाला बद्धकोष्ठाचा जुना त्रास निघाला. पाणी दिवसा प्यायचं, शाळेतून आल्यावर आणि झोपण्याआधी लघवीला जायचं, कोरड्या रात्रीला पंचांगावर सूर्य काढायचा, ओल्या रात्रीला काहीच म्हणायचं नाही. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा पंचांगावर नऊ सूर्य होते. म्हणाली, गटात मी लिहिलं, की हा मजकूर चुकीचा आहे, माझ्या मुलाला हा त्रास आहे आणि आम्ही डॉक्टरांकडे जातो. गटात कुणीच काही बोललं नाही. त्या रात्री मात्र वर्गातल्या तीन आयांचे तिला वेगवेगळे मेसेज आले. तिघींनी एकच विचारलं होतं, कुठल्या डॉक्टरांकडे गेलात?