"दसऱ्याच्या सुट्टीत नेपाळ मिशन ट्रिप": त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आठवडाभरात तो मेसेज मला पाच ग्रुपवर आला, मंडळीच्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) युथ ग्रुपवर, निपाणीच्या मावशीकडच्या फॅमिली ग्रुपवर, सगळीकडं. ज्यांना आला नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात: दसऱ्याच्या सुट्टीत दहा दिवस नेपाळला शॉर्ट-टर्म मिशन ट्रिप (म्हणजे चर्चतर्फे सेवेला आणि प्रचाराला जायचं), जवळजवळ फुकट, व्हिसा लागत नाही म्हणून काही अडचण नाही, शिक्षण-अनुभव काही नको फक्त सेवेची आवड पाहिजे, तिथं शाळेत शिकवायचं, मेडिकल कॅम्प घ्यायचा, अनाथाश्रमातल्या लेकरांना प्रेम द्यायचं, आणि शेवटी "मिरजेचे वानलेस डॉक्टर पण असेच सेवेला आले होते". खाली हात जोडलेले इमोजी.

मी 2017 ला अशाच एका ट्रिपला जाऊन आलोय. बेळगावजवळच्या खानापूरला माझं मेडिकलचं दुकान हाय, मंडळीत चार वर्षं खजिनदार होतो, त्यामुळं हा माणूस देवाच्या कामाविरुद्ध बोलालाय असं कुणी सुरू करू नका.

"जवळजवळ फुकट". कुणाला फुकट? बेळगावातनं गोवा एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथनं काठमांडूचं विमान, पुढं दीड दिवस जीप, राहणं-खाणं धरून माझ्यावर 38 हजार खर्च झाले. त्यातले काही युथच्या पोरांनी ख्रिसमसला घरोघरी कुंद्याचे डबे विकून जमवले आणि बाकीचे मंडळीनं दिले. शाळेत दुपारचा स्वयंपाक करणाऱ्या एका बाईंनी 500 रुपये दिले होते, ती पावती मी माझ्या हातानं फाडलीय. आणि मेसेजमधली ती ओळ, की परत आल्यावर तिकडचे परदेशी मित्र मंडळीला डॉलर पाठवतात, ती तर वाचूच नका. परदेशातनं संस्थेला पैसे घ्यायचे तर एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचं, रजिस्ट्रेशन लागतंय, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते पैसे पहिल्यांदा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला पाहिजेत. पाळकांच्या (पाद्रींच्या) पासबुकात डॉलर येऊन पडले तर पुढं कुठल्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या ते त्यांनाच कळंल.

व्हिसाचं. हे मात्र खरं हाय, भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा वोटर आयडी चालतंय. पण व्हिसा नाही म्हणजे सगळं चालतंय हे कुणी सांगितलं? नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेतच दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई हाय, आणि 2018 च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड हाय, परदेशी माणूस असला तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. शेजारच्या घरात सुवार्तेची पत्रकं वाटणारा बेळगावचा पोरगा तिथं परदेशीच, चेहरा कितीही त्यांच्यासारखा असू दे. आणि पोरं चार-पाच दिवसांत निघून येतात, चौकशीला पोलीस येतात ते तिथल्या पाळकांच्या दारात. हे मी बेळगावकरांना सांगालोय, जिथं कर्नाटक विधिमंडळाच्या सुवर्ण विधान सौधमध्ये डिसेंबर 2021 ला धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत पास झालं तेव्हा आपल्याच मंडळीत आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं! ते इतक्या लवकर कसं काय विसरलं सगळ्यांनी?

आता "शिक्षण नको, आवड पाहिजे". ह्यावर मला जरा जास्त बोलायचं हाय कारण हे माझ्या धंद्याचं हाय.

आमच्या कॅम्पला डॉक्टर एकच, रांग मोठी, म्हणून गोळ्या द्यायला युथची दोन पोरं बसवली होती, एक बीकॉमचा, एक मोबाईल दुकानातला. साठी उलटलेली एक बाई आली, बीपी 180 च्या वर. पोरानं अॅमलोडिपिन 5 च्या पंधरा गोळ्या दिल्या, सकाळी एक म्हणून हातानं खूण केली. बाई हलंना. पदराच्या गाठीतनं तिनं एक चुरगळलेली पट्टी काढली, चार गोळ्या राहिलेली, आणि दोन्ही पट्ट्या शेजारी धरून विचारालागली. मी उठून बघितलं तर औषध तेच, कंपनी दुसरी. हेल्थ पोस्टमधनं, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यातनं, तिला आधीच चालू होतं. आपल्या पोरानं तिला हिंदीत सांगितलेलं, ती सोड, ही इंडियाची चांगली हाय. तिला कळलं असणार की दोन्ही घ्या. ही एक मी बघितली म्हणून सापडली, त्या दिवशी शंभरावर माणसं होती, बाकीच्यांचं काय झालं ते मला आजपण ठाऊक नाही आणि ते डोक्यातनं जात नाही.

मी तिला समजावलं, आमची पट्टी नंतर वापरा. तिनं मोजल्या, पंधरा, आणि म्हणाली, "अनि त्यसपछि?" म्हणजे त्यानंतर काय. नेपाळी येत नसलं तरी एवढं कळतंय की. बीपीची गोळी पंधरा दिवसांची नसते, जन्माची असते. हेल्थ पोस्ट दोन तास चालत, तिथल्या माणसाला आम्ही येणार हे कुणी कळवलंच नव्हतं. उद्या कोण नेपाळी पोरगा खानापूरच्या स्टँडवर टेबल टाकून गोळ्या वाटालागला तर मीच पहिला ड्रग इन्स्पेक्टरला फोन करीन.

अनाथाश्रम. तिथल्या लेकरांनी आम्हाला एक हिंदी कोरस (चर्चमधलं गाणं) म्हणून दाखवला, हातवाऱ्यांसकट, एकदम पाठ. मला लई बरं वाटलं. भिंतीवर मागच्या ग्रुपचे फोटो होते, प्रत्येक फोटोत लेकरं त्याच ओळीत त्याच हातवाऱ्यात. एका पोरीला विचारलं घरी कोण कोण, तर तिनं आई, बाबा, दोन भाऊ सांगितले. अनाथ?! नंतर वाचलं तेव्हा कळलं, युनिसेफ वर्षानुवर्षं हेच सांगतंय, की अशा संस्थांतल्या बऱ्याच लेकरांचे आईबाप जिवंत असतात, शिक्षणाचं आमिष दाखवून त्यांना गावातनं आणलेलं असतं, आणि बघायला, दान द्यायला येणारी माणसं जितकी वाढतात तितकी लेकरं आणली जातात. ऑस्ट्रेलियानं तर 2018 च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी ह्याची दखल घेतलीय. म्हणजे मी दिलेली चॉकलेटं कुठं गेली ते बघा.

वानलेस डॉक्टर. अरे बाबांनो, ते 1889 ला आले आणि 1928 ला परत गेले! मराठी शिकले, मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, इथल्याच पोरांना डॉक्टरकी शिकवली. अथणी-कागवाडच्या माणसाला काय झालं की "मिरजंला न्या" हे जे तोंडात बसलंय ते दहा दिवसांच्या कॅम्पनं बसलेलं नाही. त्यांचं नाव ह्या मेसेजमध्ये घालायचं म्हणजे कमालच.

"तू गेलास ते चाललं आणि आम्ही जायचं नाही?" असं आमच्या ताईच्या पोरानं तोंडावर विचारलं. प्रश्न बरोबर हाय त्याचा. जा, पण तिथल्यांनी बोलावलंय का, कशाला बोलावलंय ते आधी विचार. नर्स असशील, वायरिंग येत असंल, तर तिथल्या माणसाच्या हाताखाली काम कर, नाही तर बसून त्यांच्या उपासनेत सामील हो आणि गप बघून ये, ते पण वाईट नाही.

त्याला समोर बसवूनच मी तिथल्या पाळकांना फोन लावला, नंबर अजून हाय माझ्याकडं. दसऱ्यात पोरं येऊ का शाळेत शिकवायला, असं विचारलं. ते हसालागले. म्हणाले, मामा, तेव्हा दसैं असतो, आमच्या शाळा बंद, सरकारी ऑफिसं बंद, अर्धं गाव बाहेरगावी, आणि तो झाला की लगेच भातकापणी. कापायला येत असतील तर पाठवा.

पोरगा म्हणाला, मला भात कापायला येत नाही.

खानापूरचा हाय तो. घरची चार एकर भातशेती हाय.