हॅटी मॅकडॅनियल ‘नशीबवान मोलकरीण’ नव्हती

‘गॉन विथ द विंड’ या अमेरिकी चित्रपटात मॅमी या मोलकरणीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियलचा फोटो लावलेला एक मेसेज खूप फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: हॅटी मॅकडॅनियल ही लोकांकडे धुणीभांडी करणारी बाई. एका निर्मात्याची नजर पडली आणि तिचं नशीब उघडलं. ऑस्कर मिळालं, पण काळी म्हणून तिला सभागृहात पाऊलही ठेवू दिलं नाही. तरी तिने कधी तक्रार केली नाही. ‘सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन मोलकरणीचं काम केलेलं बरं’ असं म्हणत ती समाधानात राहिली. पुढे तिची ऑस्करची बाहुली विद्यार्थ्यांनी नदीत फेकून दिली. आणि तात्पर्य: कुरकुर न करता काम करत राहा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण एका लढवय्या कलावतीला यात गरीब गाय करून टाकलंय, आणि ते मला सहन होत नाही.

आधी ते नशीब उघडणं. हॅटी तेरा भावंडांत धाकटी. वडील गुलामगिरीत जन्मलेले, पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतून लढलेले. आई चर्चमध्ये गाणारी. डेन्व्हरला शाळेत असतानाच तिने पाठांतराच्या स्पर्धेत पदक मिळवलं. भावाच्या फिरत्या कंपनीत ती नाचली-गायली, १९१४ च्या सुमारास बहीण एटाबरोबर स्वतःची बायकांची मंडळी उभी केली, १९२० च्या दशकात डेन्व्हरच्या रेडिओवर गायली, शिकागोत ब्लूज गाण्यांच्या तबकड्या काढल्या. १९२९ च्या मंदीत सगळे खेळ बंद पडले, तेव्हा मिलवॉकीजवळच्या एका क्लबच्या प्रसाधनगृहात तिने नोकरी धरली आणि काही दिवसांत त्याच क्लबच्या मंचावर जाऊन गायली. १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला आल्यावर काम नसे तेव्हा तिने घरकामंही केली, हे खरं आहे. पण ती मोलकरणीची अभिनेत्री झाली नाही; अभिनेत्रीवर घरकाम करायची पाळी आली होती.

मॅमीच्या भूमिकेसाठी खरी मोलकरीणही रांगेत होतीच. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या घरी काम करणाऱ्या एलिझाबेथ मॅकडफी यांनी चाचणी दिली होती. भूमिका मिळाली ती हॅटीला, कारण तोवर मे वेस्ट, विल रॉजर्स, कॅथरीन हेपबर्न या बड्या नटनट्यांसमोर उभं राहून तिने आपलं नाणं खणखणीत वाजवलं होतं. १९३५ च्या ‘अ‍ॅलिस अ‍ॅडम्स’मधलं जेवणाचं दृश्य मिळालं तर जरूर पाहा. उकाड्याची रात्र, हेपबर्नची चाललेली केविलवाणी ऐट, आणि एका दिवसापुरती आणलेली मोलकरीण मलीना, म्हणजे आपली हॅटी, च्युइंगगम चघळत, डोक्यावरून घसरणारी टोपी तशीच ठेवून, आपल्या सवडीने वाढत राहते. फारसं न बोलता ती त्या घराच्या खोट्या श्रीमंतीची लक्तरं टांगते. हे टायमिंग वीस वर्षं प्रेक्षकांपुढे उभं राहिल्याशिवाय अंगात येत नाही.

सभागृहात घेतलं नाही, ही दोन घटनांची सरमिसळ आहे. ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात झाला. जॉर्जियातल्या वर्णभेदामुळे हॅटीला तिथे जाता आलं नाही. ऑस्करचा समारंभ २९ फेब्रुवारी १९४० चा, लॉस एंजेलिसच्या अँबॅसिडर हॉटेलातल्या कोकोनट ग्रोव्हमध्ये. तिथे ती हजर होती. काळ्यांना प्रवेश नसलेल्या त्या हॉटेलात निर्माता सेल्झनिक याने तिच्यासाठी खास परवानगी काढली होती. पण बसवलं कुठे? चित्रपटाच्या बाकी मंडळींपासून दूर, भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलाशी. केसांत गार्डेनियाची फुलं माळून ती तिथून उठली आणि अभिनेत्री फे बेंटरच्या हातून पुरस्कार घेऊन बोलली. आपला समाज आणि चित्रपटसृष्टी या दोघांनाही आपलं नेहमी भूषण वाटावं, अशी आशा तिने बोलून दाखवली. दाराबाहेर ठेवल्याची गोष्ट ऐकायला जास्त क्रूर वाटते, पण आत घेऊन भिंतीशी बसवणं हा अपमान मला कमी वाटत नाही.

आता ‘कधी तक्रार केली नाही’. सातशे डॉलरचं ते वाक्य तिच्या नावावर नेहमी सांगितलं जातं. ते समाधानाचं वाक्य म्हणून वाचणं चूक आहे. काळ्या नटांना नोकरचाकरांखेरीज दुसरं काही करूच देत नव्हते, त्या काळात टीकाकारांना दिलेलं ते रोखठोक उत्तर होतं. टीका प्रामुख्याने काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांची. १९४२ मध्ये ते हॉलिवूडला येऊन स्टुडिओंशी बोलले. पडद्यावरचा काळा माणूस बदलला पाहिजे ही त्यांची मागणी रास्तच होती, आणि ऑस्करनंतरही हॅटीच्या वाट्याला बहुतेक मोलकरणीच आल्या, हेही खरं. पण पटकथा ज्यांच्या हाती होत्या त्यांचा दोष नटांच्या माथी मारणं मला तेव्हाचंही पटत नाही. संधी मिळाली तिथे तिने काय केलं ते पाहा. ‘इन धिस अवर लाइफ’ (१९४२) मध्ये तिच्या मुलावर अपघाताचा खोटा आळ येतो, आणि काळ्या पोराचं पोलीस ऐकणार नाहीत हे ती आवाज न चढवता सांगते.

तिची सर्वांत मोठी लढाई तर पडद्याबाहेरची. लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स हाइट्स भागात, ज्याला पुढे शुगर हिल म्हणू लागले, तिने मोठं घर घेतलं होतं. तिथल्या खरेदीखतांत अट होती: गोऱ्यांखेरीज कोणाला घर विकायचं नाही, राहू द्यायचं नाही. त्या अटीवर बोट ठेवून काही गोरे शेजारी कोर्टात गेले. हॅटी, एथेल वॉटर्स आणि लुईझ बीव्हर्स या अभिनेत्री आणि इतर काळे रहिवासी घर सोडून गेले नाहीत. वकील लॉरेन मिलर यांनी बाजू मांडली. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी तो भाग स्वतः फिरून पाहिला आणि सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन दावा फेटाळला. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४८ चा. त्या लढ्यातही मिलर होते. शेजाऱ्यांशी कोर्टात भांडून स्वतःचं घर राखणाऱ्या बाईने तक्रार केली नाही, असं कोण म्हणेल?

रेडिओवरचं ‘ब्यूला’ही विसरू नका. काळ्या मोलकरणीचं हे पात्र आधी गोरे पुरुष आवाज बदलून करत. १९४७ मध्ये हॅटीने ते घेतलं, पण करारात अट घालून: काळ्यांच्या तोंडी घातली जाणारी ती वेडीवाकडी बोली मी बोलणार नाही.

राहिली ती बाहुली. त्या काळी सहाय्यक भूमिकेसाठी बाहुली देतच नसत, छोटी प्रतिकृती बसवलेलं मानचिन्ह देत. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी हॅटी स्तनाच्या कर्करोगाने गेली. हॉलिवूडच्या स्मशानभूमीत पुरावं, ही मृत्युपत्रातली इच्छा वर्णभेदामुळे नाकारली गेली. मानचिन्ह मात्र इच्छेप्रमाणे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाकडे गेलं आणि नंतर तिथून गहाळ झालं. १९६० च्या दशकातल्या आंदोलक विद्यार्थ्यांनी ते पोटोमॅक नदीत फेकल्याची कहाणी पसरली. कायद्याच्या प्राध्यापक बर्लेट कार्टर यांनी त्याचा कसून शोध घेतला. कहाणीला आधार सापडला नाही. ज्या विद्यार्थ्यांवर हा आळ आहे, त्यांच्याही नावाचा विचार मेसेज पुढे ढकलण्याआधी व्हावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तसंच दुसरं मानचिन्ह घडवून हॉवर्ड विद्यापीठाला समारंभपूर्वक दिलं.