हिमोग्लोबिन बारा म्हणजे नसा ठणठणीत?

निपाणीपासून खानापूरपर्यंत गावागावांतल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हिमोग्लोबिन १२ च्या वर असेल तर लोह, बी-१२ सगळं ठीक. आकडा नॉर्मल आला की विषय संपला. पायांना मुंग्या येत असतील तर बीट, मोड आलेली कडधान्यं आणि ताक घ्या. बाकीच्या तपासण्या म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा.’ शेवटचं वाक्य अगदीच खोटं नाही. पॅकेजच्या नावाखाली नको त्या चाचण्या गळ्यात मारल्या जातातच. बाकीचं मात्र पायांवर बेतू शकतं.

आधी हिमोग्लोबिन. ते रक्ताबद्दल सांगतं, नसांबद्दल नाही. बी-१२ च्या कमतरतेनं मज्जासंस्थेचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांची पाहणी १९८८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली होती. त्यातल्या १९ जणांत रक्ताचं प्रमाण आणि पेशींचा आकार दोन्ही नॉर्मल होते, नसा मात्र बिघडलेल्या. शिवाय आपल्याकडे लोह आणि बी-१२ एकदमच कमी असणारे पुष्कळ. लोह कमी झालं की लाल पेशी लहान होतात, बी-१२ कमी झालं की मोठ्या. दोन्ही एकत्र आलं की रिपोर्टातला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, ८० ते १०० च्या मध्ये, नॉर्मल पट्ट्यात, शहाण्यासारखा बसू शकतो. अशा वेळी शेजारचा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, वाढलेला आहे का, ते डॉक्टरांना विचारावं. आणि नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारतं, पण बी-१२ कमीच राहिलं तर नसांची हानी चालूच राहते.

‘नॉर्मल आला की संपलं’ हेही तसंच. बी-१२ मिलिलिटरला साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमी धरतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. २३० आलं आणि तळपाय बधिर असतील, तर होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलॉनिक ॲसिड, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक, बघायला सांगतात. लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनचंही असंच आहे. अंगात ताप किंवा संसर्ग असला की ते वाढतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खाली कमतरता मानते, पण संसर्ग किंवा दाह असेल तर ७० च्या खाली.

आता बीट आणि कडधान्यं. खा की, पण त्यांत बी-१२ नाही. ते दूध, अंडी, मासे, मटणात. माळकरी घरात यातलं फक्त दूध उरतं, आणि तेही डेअरीला जातं. घरच्यांच्या वाट्याला पाणी घातलेलं ताक. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून तक्रार उशिरा उगवते.

मुंग्या म्हणजे बी-१२ च, असंही नाही. मधुमेह, थायरॉइड, मनगटात दबलेली नस, दारू, सगळ्यांची शक्यता असते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तिनंच बी-१२ घटू शकतं. त्वचेवर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी आधी; त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

दुकानातून आणलेल्या ‘नसांच्या गोळ्यां’बद्दल एवढंच: बऱ्याच गोळ्यांत बी-६ असतं, आणि ते जास्त मात्रेत फार दिवस घेतलं तर त्यानंही हातपाय बधिरतात. शिवाय बी-१२ चं इंजेक्शन घेऊन मग तपासणीला रक्त दिलं तर बी-१२ चा आकडा फुगलेला येतो. रक्त आधी द्या, गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.